फोन उचलणाऱ्याला आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सकाळच्या एफएम कार्यक्रमांवरचा लेख वाचला. आरजेंचा (रेडिओवरच्या निवेदकांचा) हजरजबाबीपणा, रिक्षात-गाडीत बसल्या बसल्या होणारी लोकांची करमणूक, अनोळखी माणसाला ‘बकरा’ बनवणारे फोन, सगळ्याचं त्यात भरभरून कौतुक होतं. ज्याला तो फोन लागतो त्याच्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ती बाजू मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं आहे, पण जमलं तर पूर्ण छापावं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. २०१९ मध्ये निवृत्त झाले. नोकरीला लागले तेव्हा दोऱ्या खुपसायचा बोर्ड होता, पुढे बटणांचा आला. काम तेच राहिलं. घंटी वाजली की उचलायचं, रुग्णालयाचं नाव सांगायचं आणि समोरचा जे म्हणेल ते खरं धरून पुढच्या माणसाला जोडून द्यायचं. ‘मी डॉक्टर बोलतोय’ म्हटलं की तो डॉक्टर. ‘मी पोलीस चौकीतून’ म्हटलं की तो पोलीस. आम्ही ओळखपत्र मागत बसलो असतो तर माणसं मेली असती.

आम्हाला माणूस दिसत नाही, आवाज तेवढा कळतो. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तेव्हा माझी ड्युटी होती. त्या रात्री बोर्डावरचा एकही दिवा विझला नाही. लोक एकामागून एक सगळ्या रुग्णालयांना फोन लावत होते. एक बाई मला मुलाचं नाव सांगायची, मी ‘थांबा, बघते’ म्हणायचे, तेवढ्यात ती ‘नाही ना? नाही ना?’ असं दोनदा विचारायची आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन ठेवायची. चार वेळा आला तिचा फोन. त्या स्फोटात १७ माणसं गेली. तिचा मुलगा त्यात होता का, हे मला कधीच कळलं नाही. पण तो आवाज माझ्या कानात राहिला. भ्यालेल्या माणसाचा आवाज वरच्या पट्टीत जातो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तो बारीक होतो, घशातच अडकतो, आणि माणूस एकदम नको इतका नम्र होतो. ‘मॅडम, प्लीज मॅडम’ करायला लागतो.

तोच आवाज सात वर्षांनी मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकला.

माझा धाकटा भाऊ आचारी आहे. सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या दोन-तीन कार्यालयांत त्याची कामं असतात. २०१७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आदल्या दिवशी त्याच्याकडे दोनशे पानांचा साखरपुडा झाला होता. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, नेहमीचाच बेत. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो घरामागच्या शेडमध्ये भांडी मोजून घेत होता, तेव्हा फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, अन्न व औषध प्रशासनातून बोलतोय. काल तुम्ही जेवण दिलंत, त्यातल्या चाळीस जणांना विषबाधा झाली आहे. दोघं सीरियस आहेत, त्यात एक लहान मुलगी आहे. मग मठ्ठ्याबद्दल विचारायला लागला. ताक कुठून आणलं? कधीचं होतं? उन्हात ठेवलं होतं का? भावाच्याच एका वाढप्यानं नंबर दिला होता आणि बेतही सांगून ठेवला होता, हे नंतर कळलं. ‘कुठं हलायचं नाही, टीम घेऊन येतोय, दहा मिनिटांत परत फोन करतो,’ म्हणून त्यानं फोन ठेवला.

भावानं लगेच मला बोर्डावर फोन लावला. ‘ताई, तुझ्याकडे विषबाधेचे पेशंट आलेत का गं?’

मी कॅज्युअल्टीला लावला. सिस्टर म्हणाल्या, एकही नाही. मग मी दुसऱ्या दोन रुग्णालयांच्या बोर्डांवर लावला. तिथल्या बायका मला आवाजानं ओळखायच्या. त्यांनी मला लाइनवर ठेवून आपापल्या कॅज्युअल्टीला विचारलं. तिथंही कुणी नव्हतं. भावाला सांगितलं तर म्हणाला, ‘मग ससूनला नेलं असेल.’ भीती बसली की माणूस असाच विचार करतो. नाही म्हटलेलं त्याला पटत नाही, हो म्हणणारा कुणीतरी तो शोधत राहतो. वहिनीनं पुढचं सांगितलं. त्या दहा-अकरा मिनिटांत त्यानं डब्यात उरलेला कालचा मसालेभात काढला आणि उभ्या उभ्या खाल्ला. स्वतःला काही होतंय का, ते बघायला. मठ्ठा उरला नव्हता, तर पातेल्याच्या काठाला सुकलेला थर बोटानं खरवडून चाटला.

आणि इकडे माझ्या बोर्डावर होल्डचा एक दिवा लुकलुकत होता. मी कॅज्युअल्टीची लाइन अडवून बसले होते, दुसऱ्या दोन ठिकाणच्याही अडवल्या होत्या. मी वळून तो फोन घेतला तोवर तो कट झाला होता. कोण होतं, काय काम होतं, मला आजतागायत माहीत नाही. कदाचित कुणी भेटीची वेळ विचारायला केला असेल. कदाचित नसेल.

दुसरा फोन आला तेव्हा भाऊ रडत होता. थोडा वेळ ते चालू ठेवून मग त्याला सांगितलं की दादा, तुमचा बकरा झाला, आम्ही अमुक वाहिनीवरून बोलतोय, तुमच्या दोस्तानं नंबर दिला. भाऊ म्हणाला, ‘हो का? बरं बरं. देवा रे.’ त्याच दमात विचारलं, ‘उद्या सकाळी लावू ना दादा?’ तो म्हणाला, ‘लावा, लावा.’

या ‘लावा, लावा’बद्दल मला नीट सांगायचं आहे, कारण पुढं मी वाहिनीत फोन केला तेव्हा तिथल्या मुलीनं मला हेच ऐकवलं. ‘मॅडम, सरांनी परमिशन दिली होती, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, सगळे स्पोर्टिंगली घेतात.’ अहो, ज्याला आत्ता कळलंय की पोरगी मेलेली नाही, पोलीस येणार नाहीत, धंदा बुडाला नाही, तो माणूस त्या क्षणाला कशालाही हो म्हणेल. त्याला घर लिहून मागितलं असतं तरी बरं बरं म्हणाला असता. ऑपरेशनच्या टेबलावरून उतरलेल्या पेशंटची सही आमच्याकडे कुणी ग्राह्य धरत नव्हतं. माणूस भानावर असताना, समजून उमजून, नाही म्हणायची मुभा असताना जे देतो, ती संमती.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी आमच्या कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेले, तिथं रेडिओ चालू होता. भावाचा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. ‘साहेब, पाया पडतो, त्या पोरीचं सांगा आधी, पोरगी कशी आहे?’ आणि त्यावर रेकॉर्ड केलेलं हसू टाकलेलं. त्या फोनभर त्यानं स्वतःचं काय होणार हे एकदाही विचारलं नव्हतं. पोरीचंच विचारत होता. नेमक्या त्याच वाक्यावर हसू होतं. कॅन्टीनमधले सगळे हसले. त्यात सिस्टर होत्या, वॉर्डबॉय होते, वाईट माणसं नव्हती ती. रेडिओनं हसा म्हणून सांगितलं, ती हसली.

त्याच आठवड्यात भावाच्या दोन ऑर्डरी गेल्या. एका घरच्यांनी रिक्षात अर्धाच भाग ऐकला होता, विषबाधेचा. शेवट यायच्या आत त्यांचं उतरायचं ठिकाण आलं. दुसऱ्यांना गंमत आहे हे माहीत होतं, तरी म्हणाले, ‘लोक विचारतात हो, नको वाटतं.’ तो आवाज कापून व्हॉट्सअॅपवर फिरला, अजूनही मधून मधून फिरतो. बाजारात भाजीवाले त्याला ‘पोरगी कशी आहे?’ म्हणून हाक मारायचे. वाहिनीला मी रजिस्टर पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

याच्या चार-पाच वर्षं आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, लंडनच्या एका रुग्णालयातली बातमी आम्ही ऑपरेटर बायकांनी बोर्डरूममध्ये वाचली होती. राजघराण्यातली गरोदर सून तिथं दाखल होती. सिडनीच्या एका रेडिओ वाहिनीच्या दोन निवेदकांनी राणी आणि युवराजाचा आवाज काढून तिथं पहाटे साडेपाचला फोन केला. त्या वेळी बोर्डावर ऑपरेटर नव्हती, म्हणून रात्रपाळीच्या जेसिंथा सल्डाणा या नर्सनं तो उचलला आणि वॉर्डात जोडून दिला. बस, एवढंच तिनं केलं. वॉर्डातल्या नर्सनं तब्येतीची माहिती सांगितली, ती ध्वनिफीत वाहिनीनं जगाला ऐकवली. तीन दिवसांनी जेसिंथानं जीवन संपवलं. ४६ वर्षांची होती, मूळची मंगळूरकडची. उडुपी जिल्ह्यातल्या शिर्वा गावी तिला पुरलं. इतकं टोक कुणी एकाच कारणानं गाठत नाही, हे रुग्णालयात आयुष्य काढल्यावर मला कळतं, आणि त्या दोन निवेदकांनाही असं काही व्हावं असं वाटलं नसणार. पण आम्हा तिघींना त्या दिवशी डबा गेला नाही. कारण तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही जोडून दिला असता. रोज तेच करत होतो.

त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. तो फोन थेट प्रक्षेपित झाला नव्हता. आधी ध्वनिमुद्रित केला, मग लावला. मधे वेळ होता. रुग्णालयाची संमती मिळाली नव्हती, तरी लावला. ऑस्ट्रेलियाच्या नियामक संस्थेनं परवान्याच्या अटीचा भंग झाल्याचं ठरवलं. वाहिनी त्याविरुद्ध भांडत तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये तिथं हरली. ब्रिटनमध्ये त्याआधी २००८ साली बीबीसी रेडिओच्या दोन नामांकित निवेदकांनी अँड्र्यू सॅक्स या ७८ वर्षांच्या नटाच्या आन्सरिंग मशीनवर त्याच्या नातीबद्दल अचकट विचकट बोलून ठेवलं आणि ते प्रसारित झालं. तेही आधी मुद्रित केलेलं होतं. बीबीसीला दीड लाख पौंड दंड झाला. तिथल्या नियमावलीत स्पष्टच लिहिलं आहे की असे फसवे फोन करमणुकीसाठी केले तर संबंधित माणसाच्या संमतीशिवाय लावायचे नाहीत.

आपल्याकडे काय आहे? खासगी एफएम २००१ मध्ये बंगळूरुला सुरू झालं, वर्षभरात मुंबईत आलं. या वाहिन्यांना आकाशवाणीचीच कार्यक्रमसंहिता पाळण्याची अट आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं, एक शब्द न बदलता ऐकवायचं. म्हणजे खरी बातमी स्वतःची म्हणून सांगायला बंदी, आणि चाळीस माणसांना विषबाधा झाल्याची खोटी बातमी एका आचाऱ्याला सांगायला, वर ती शहराला ऐकवायला कुणाची आडकाठी नाही. सरकारी अधिकाऱ्याची बतावणी करणं कायद्यानं गुन्हा आहे. माझ्या शेजारच्या मुलानं अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी बनून हॉटेलवाल्याला फोन केला असता तर चौकीत गेला असता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आचाऱ्याचं रडणं त्यात येत नाही का?

हे आता लिहायला आणखी एक कारण आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये, म्हणजे रेडिओवरूनच, पंतप्रधानांनी ‘डिजिटल अरेस्ट’च्या फोनांपासून सावध राहा म्हणून सांगितलं. खोटा पोलीस, खोटा सीबीआयवाला फोन करतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतो, फोन कट करू नका म्हणतो, आणि म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला असा फोन आला होता. नशिबानं मुलगा घरात होता, त्यानं हिसकावून घेतला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. त्या भामट्याचा फोन आणि माझ्या भावाला आलेला फोन शेजारी शेजारी ठेवून बघा. अधिकाऱ्याचा आवाज तोच. ‘कुठं हलायचं नाही’ तेच. विचार करायला वेळ द्यायचा नाही, तेही तेच. एक पैसे नेतो, दुसरा हसू नेतो. गेल्या महिन्यात मी स्वारगेटहून शेअर रिक्षात बसले, तर रेडिओवर एका बापाला सांगत होते की तुमची मुलगी कॉलेजातून पळून गेली आहे आणि मी तिच्या नवऱ्याचा मित्र बोलतोय. शेजारचा मुलगा हसून हसून वाकला होता. मी रिक्षा थांबवून मधेच उतरले.

रेडिओवरच्या विनोदावर माझा राग आहे असं कुणी समजू नये. माझं लहानपण परळच्या चाळीत गेलं. मुंबई आकाशवाणीवर श्रुतिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी बोलायला लागले की आमच्या गॅलरीतल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून एका रेडिओपाशी यायच्या. बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभूंनी आम्हाला पोट धरून हसवलं, आणि त्यात कुणाचं काही गेलं नाही. आजच्या पोरापोरींतही ती ताकद आहे. २०१७ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या आरजे मलिष्कानं खड्ड्यांवरून महापालिकेची गाण्यातून फिरकी घेतली, ती मी चारचारदा ऐकली. ती फिरकी महापालिकेची होती. महापालिकेकडे उत्तर द्यायला माणसं आहेत, वकील आहेत, आणि पालिकेनं उत्तर दिलंही. माझ्या भावाकडे एक मोबाइल आणि सात पातेली होती.

काही जण मला सांगतात की हे फोन खरे नसतातच, आधी ठरवून नटांकडून करून घेतात. असेलही काही ठिकाणी. मग तसं सांगून करा. नाट्य आहे म्हटल्यावर मीही हसेन. पण जिथं माणूस खरा आहे तिथं ध्वनिमुद्रण झाल्यावर निदान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी वाहिनीतल्या दुसऱ्या माणसानं, आरजेनं नव्हे, त्याला फोन करून सगळं ऐकवावं आणि मग विचारावं. नाही म्हणाला तर पुसून टाकावं. घरच्या कुणाचा मृत्यू, आजारपण, अपघात, पोलीस, मुलीबाळी, हे विषय तर घेऊच नयेत. आणि रुग्णालय, अग्निशमन दल, १०८ किंवा ११२ यांच्या लाइनीवर थट्टेतून ताण पडेल असं काही करूच नये. मी हे नवीन काही मागत नाही. दुसऱ्या देशांत हे लिहून ठेवलेलं आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयानं परवान्याच्या अटींत चार ओळी घालाव्यात, आणि तोवर वाहिन्यांनी आपण होऊन ते करावं. इथले आरजे माझ्या मुलांच्या वयाचे आहेत. त्यांच्यापैकी कुणाला आपल्या आईला असा फोन आलेला चालेल असं मला वाटत नाही.

भाऊ आजही अनोळखी नंबर उचलत नाही. फोन वाजला की वहिनीकडे सरकवतो. ती नाव विचारते, गाव विचारते, कार्यालय कुठलं ते विचारते, मग त्याच्याकडे देते. तोवर निम्मी गिऱ्हाईकं कंटाळतात आणि दुसरा आचारी बघतात. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, तेव्हा पुन्हा हेच.

माझं आणि त्याचं नाव कृपया छापू नये. ज्यांच्या मोबाइलवर ती मठ्ठ्याची क्लिप अजून असेल त्यांना तुमच्या वृत्तपत्रातून माझी हात जोडून विनंती आहे, ती पुढं पाठवू नका, पुसून टाका.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
धनकवडी, पुणे